हिरवे पाणी आणि घरातील गाळणी

कोल्हापुरास आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन झाल्यावर सायंकाळी रंकाळ्यावर गेला नाही, असे सहसा घडत नाही. संध्यामठ, पलीकडचा शालिनी पॅलेस, पाण्यावर उतरलेले मावळतीचे ऊन आणि काठावरच्या भेळेच्या गाड्या, ही सर्व शोभा ज्या पाण्याच्या आधारावर उभी आहे त्या पाण्याकडे मात्र त्याचे लक्ष फारसे जात नाही. ते जाते केव्हा, तर एखाद्या वर्षी पाण्याचा रंग पालटतो, त्यावर हिरवा तवंग धरतो आणि वारा सुटला की नाकाला रुमाल लावण्याची पाळी येते तेव्हा. श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या वाटांनी वस्तीचे सांडपाणी तलावात उतरत राहिल्यामुळे गेल्या काही दशकांत हा देखावा कोल्हापूरकरांच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. कधी जलपर्णीने पाणी झाकले, तर कधी या हिरव्या तवंगाने.

रंकाळ्याचे पाणी आज कोणी पिण्यासाठी भरून नेत नाही. मग त्याच्या रंगाची चर्चा पिण्याच्या पाण्याच्या संबंधात कशाला, असे कोणी विचारील. पण जो तवंग रंकाळ्यावर सर्वांना दिसतो, तोच एखाद्या गावतळ्यावर, शेततळ्यावर, उघड्या विहिरीवर, फार काय गच्चीवरच्या झाकण उडालेल्या टाकीतही धरू शकतो. शहराजवळचा कळंबा तलाव तर संस्थानच्या काळापासून पिण्याच्या पाण्यासाठीच ओळखला जातो. शिवाय नळाला नेहमी पाणी असेलच असेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चोहोकडे पाणीच पाणी असता शहराच्या नळांना थेंब नव्हता. अशा दिवसांत टँकर येईल तेथले, विहीर सापडेल तिचे पाणी मनुष्य घेतो. महापुराच्या वाहत्या पाण्यात शेवाळ माजत नाही हे खरे. परंतु उन्हाळ्यात किंवा आश्विनाच्या उन्हात हीच टंचाई आली तर हंड्यात येणारे पाणी हिरवट असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्या वेळी गृहिणी आपल्या ओट्यावरच्या फिल्टरकडे विश्वासाने पाहते. तो विश्वास कितपत सार्थ आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम हा हिरवा पदार्थ म्हणजे काय ते पाहू. दगडावर बसलेले, पाय घसरविणारे साधे शेवाळ निराळे आणि हे निराळे. यास नीलहरित शेवाळ म्हणतात. पण शास्त्रदृष्ट्या ते शेवाळ नसून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. पृथ्वीवरील अतिशय प्राचीन जीवांत त्यांची गणना होते, आणि हवेत प्राणवायू प्रथम आणला तो यांच्याच पूर्वजांनी. यांच्यापैकी काही जाती भातखाचरांत हवेतील नत्र धरून पिकाला पुरवितात. त्यामुळे राधानगरी-गगनबावड्याकडील भाताच्या शेतकऱ्याला हे कुळ उपकारकच आहे. सर्व कुळास दोष देणे योग्य नव्हे. परंतु त्यांतील काही जाती विष तयार करतात. आपल्याकडील उबदार, संथ आणि सांडपाण्याने पुष्ट झालेल्या तळ्यांत ज्या जातीचा वारंवार सुळसुळाट होतो तिचे नाव मायक्रोसिस्टिस, आणि तिच्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. साबणाच्या पाण्यातील व मैल्यातील स्फुरद, शेतातून धुपून आलेले खत, कडक ऊन आणि हालचाल नसलेले पाणी एवढे साहित्य जमले की थोड्याच दिवसांत तिला बहर येतो. तिच्या पेशींत वायूच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ती पाण्यावर तरंगते; आणि वारा ज्या बाजूस वाहतो त्या बाजूच्या घाटावर तवंग दाटून येतो. सकाळी स्वच्छ दिसलेला घाट दुपारी हिरवा होतो, त्याचे कारण हेच.

हे विष यकृताला बाधते. पेशींच्या कारभारावर नियंत्रण ठेवणारी काही प्रथिने ते निकामी करते. मात्रा मोठी असली तर उलट्या, पोटदुखी, जुलाब आणि यकृतास सूज. मात्रा थोडी पण दीर्घकाळ असली तर वरून काही न दिसता आतून हानी. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा एका लिटरात एक मायक्रोग्रॅम इतकी आहे. हा आकडा तोंडाने म्हणणे सोपे, कल्पनेत आणणे कठीण. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका रांगेत उभे करावेत आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम विष कालवावे, म्हणजे ही मर्यादा गाठली जाते. एवढ्या अल्प प्रमाणाला ना रंग, ना चव, ना वास. तवंगाच्या पाण्याला मातकट, कुबट वास येतो खरा. पण तो जिओस्मिन नावाच्या निराळ्याच द्रव्याचा. वास गेला म्हणून विष गेले असे नाही, आणि वास आला म्हणून विष असलेच पाहिजे असेही नाही.

आता सर्व विषयाची किल्ली ज्या एका गोष्टीत आहे तिच्याकडे वळू. शेवाळाची पेशी जिवंत व अखंड असते तोपर्यंत तिचे विष बहुतांशी तिच्या पोटातच राहते. ती मेली, फुटली, की ते पाण्यात विरघळते. आमटीत अख्खी मिरची पडली असता ती पळीने उचलून टाकता येते. पण तीच चुरडून तिचा तिखटपणा रसात उतरला, म्हणजे मागाहून साल काढून टाकल्याने तोंडाची आग काही थांबत नाही. पाण्याचेही असेच आहे. अखंड पेशी गाळता येतात, विरघळलेले विष गाळता येत नाही. यास्तव घरातील प्रत्येक उपायास दोन प्रश्न विचारावेत: हा उपाय पेशी अखंड ठेवून बाहेर काढतो, की त्या फोडतो? आणि विरघळलेले विष याने अडते, की अडत नाही?

या कसोटीस लावले असता सर्वांत विश्वासू मानलेला उपाय पहिल्याच प्रश्नास नापास होतो. तो उपाय म्हणजे पाणी उकळणे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा पाणी उकळून प्या असे घरोघर सांगण्यात आले आणि ते अगदी योग्य होते. कारण ती कावीळ विषाणूची होती, व विषाणू उकळत्या पाण्यात टिकत नाही. पण मायक्रोसिस्टिन हा जीव नव्हे, मारण्यासारखे त्यात काही नाही. सात अमिनो आम्लांचे ते एक घट्ट कडे आहे आणि पाण्याच्या उकळीने ते कडे तुटत नाही. उलट उकळीने पेशी फुटून आतील विष बाहेर येते, आणि वाफेने पाणी आटले म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. लहान मुलासाठी म्हणून आईने मुद्दाम दहा मिनिटे अधिक उकळलेले पाणी न उकळलेल्या पाण्याहून वाईट ठरावे, हा प्रकार विलक्षण खरा, पण सत्य आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष सापडले, तेव्हा सुमारे चार-पाच लाख लोकांना दिलेल्या सूचनेत नळाचे पाणी पिऊ नका याबरोबरच ते उकळू नका असेही बजावले होते. जंतूंचे भय असेल तेथे उकळावे. हिरव्या तवंगाचे भय असेल तेथे उकळण्यावर विसंबू नये. ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे औषध टाकणे. विहिरीचे पाणी हिरवे झाले की ग्रामपंचायतीचा शिपाई टी. सी. एल. पावडर टाकतो, शेतकऱ्याला आपल्या तळ्यात मोरचूद टाकण्याची कल्पना सुचते. दोन्हींनी शेवाळ मरते, पाणी दोन दिवसांत निवळते व सर्वांस समाधान वाटते. धोका त्या समाधानातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात पाम नावाचे बेट आहे. १९७९ साली तेथील धरणाच्या पाण्यात शेवाळ माजले, लोकांनी तक्रार केली, आणि अधिकाऱ्यांनी त्यात मोरचूद टाकले. थोड्याच दिवसांत १४८ माणसे आजारी पडली, त्यांत बहुतेक मुले. यकृत सुजले, उलट्या झाल्या, मूत्रपिंडे बिघडली. तेथील शेवाळाची जात व विष निराळे होते. पण मर्म तेच, की पेशी एकदम मारल्या आणि त्यांच्या पोटातले सर्व विष एकाच वेळी पाण्यात उतरले. पाणी हिरवे होते तोपर्यंत निदान डोळ्यांना इशारा मिळत होता. तो इशाराही पुसला गेला.

क्लोरीनविषयी मात्र न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी अगोदर गाळून, पेशी काढून टाकून, मग त्यात योग्य मात्रेने क्लोरीन घातला, तो अर्धा तास पाण्यात राहू दिला व पाणी फार अल्कधर्मी नसले, तर क्लोरीन विरघळलेल्या मायक्रोसिस्टिनचाही नाश करतो. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळूचे थर आणि मग क्लोरीन असा क्रम असतो, त्याचा येथे उपयोग होतो. म्हणून व्यवस्थित चालणाऱ्या केंद्रातून आलेले नळाचे पाणी तवंगाच्या तळ्यातील घरी कितीही गाळलेल्या पाण्याहून बरे. हंड्यात क्लोरीनचे चार थेंब टाकणे ही गोष्ट वेगळी. हिरव्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यच तो क्लोरीन खाऊन टाकते आणि विषाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

गाळण्याच्या साधनांत सर्वांत जुने म्हणजे पातळाचा किंवा धोतराचा पदर. शहाण्यासुरत्यांनी हसून सोडून द्यावे असे हे साधन नाही. बांगलादेशातील खेड्यांत जुनी साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, त्याचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे प्रमाण त्याने जवळजवळ निम्म्यावर आले, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांवर बसतात ते कापडात अडकतात. मायक्रोसिस्टिसचे पुंजके मोठे असतात, डोळ्यांस कणांसारखे दिसतात. त्यांतील बरेचसे अशा घडीत अडकतील. पण सुटी पेशी कापडातून निसटते आणि विरघळलेले विष तर जसेच्या तसे खाली येते. तुरटी व निवळीचे बी यांचेही तसेच. त्यांनी पेशी गोळा होऊन तळाशी बसतात, आणि सहसा फुटत नाहीत, हा गुण मोठा. मात्र तो गाळ भांड्यात रात्रंदिवस राहू दिला तर पेशी मरून विष पुन्हा वरच्या पाण्यात येते. तुरटी फिरवावी, पाणी निवळताच वरचे पाणी हलक्या हाताने काढून घ्यावे आणि तळचा गाळ त्वरित टाकून द्यावा. तांब्याच्या घागरीत रात्रभर पाणी ठेवण्याची रीत जंतूंकरिता चांगली, पण या विषावर तिचा इलाज नाही.

पांढऱ्या कँडलचा, दोन डब्यांचा फिल्टर पुष्कळ घरांत अजून आहे. त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की जिवाणू अडतात. शेवाळाची पेशी तर जिवाणूंत मोठीच, ती सहज अडते. पहिल्या प्रश्नास हे साधन उत्तम उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नास ते गप्प बसते. शिवाय अडकलेल्या पेशी कँडलवर बुळबुळीत थर करून राहतात, तेथेच मरतात, आणि त्यांचे विष पाण्याबरोबर खालच्या डब्यात झिरपते. हिरवट पाणी गाळावे लागलेच तर कँडल रोज बाहेर काढून मऊ ब्रशाने धुतली पाहिजे; आठवड्याने धुण्याचा शिरस्ता अशा दिवसांत चालणार नाही. शाळेच्या पुस्तकात वर्षानुवर्षे चित्रासह येणारी तीन माठांची गाळणी, म्हणजे वर खडी, मध्ये वाळू, खाली कोळसा, हिच्याविषयीही भाबडेपणा नसावा. वाळूच्या जुन्या, सतत ओल्या थरात असे काही जिवाणू वस्ती करतात की ते हे विष खाऊन टाकतात, आणि मोठ्या, संथ वाळूगाळण्यांत त्याचा खरोखर उपयोग होतो. पण घरचा माठ आज भरलेला, उद्या कोरडा, त्यात ती वस्ती टिकणार कशी? आणि चुलीतला कोळसा हा कोळसा असला तरी फिल्टरमधला कार्बन नव्हे.

तो कार्बन कसा असतो, हे थोडे खोलात पाहणे जरूर आहे. कारण विरघळलेले विष पकडणारी जी मोजकी साधने घरात येऊ शकतात, त्यांत याचा क्रमांक वरचा. लाकूड, नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा विशिष्ट रीतीने अतिशय तापवून त्याच्या अंगभर सूक्ष्म विवरे पाडतात. चमचाभर भुकटीत या विवरांच्या भिंतींचे क्षेत्रफळ एखाद्या मैदानाएवढे भरते. विष त्या भिंतींना चिकटून बसते. परंतु विवरे विषाच्या मापाची हवीत. मायक्रोसिस्टिनचा रेणू पाण्याच्या रेणूच्या पन्नासपटींहून अधिक जड व ऐसपैस. करवंटीच्या कार्बनची विवरे बहुधा फार अरुंद, त्यांत तो नीट शिरत नाही, तर लाकडाच्या कार्बनची विवरे रुंद असतात, त्यांत त्याला जागा मिळते. आपल्याकडील पुष्कळ घरगुती यंत्रांत कार्बन असतो तो करवंटीचा, आणि त्याची योजना असते क्लोरीनचा वास काढण्यापुरती. ते काम तो चोख बजावतो. त्याच्या हातून दुसरे काम न झाले तर दोष कार्बनचा नाही, अपेक्षेचा आहे.

अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या, चंबूसारख्या तीन फिल्टरांची याच विषावर परीक्षा घेतली. ज्यातून पाणी भराभर खाली येत होते आणि ज्यात केवळ करवंटीचा कार्बन होता, तो सर्वांत मागे राहिला. ज्यात निरनिराळ्या कार्बनांचे मिश्रण होते आणि पाणी अगदी सावकाश उतरत होते, त्याने विष जवळजवळ पूर्ण काढले. म्हणजे कार्बन कोणता, किती, आणि पाणी त्याच्या संगतीत किती वेळ राहते, यावर सर्व अवलंबून. नळाची धार पूर्ण सोडून भरलेला हंडा आणि धार बारीक ठेवून भरलेला हंडा, यांत एकाच यंत्राचे पाणी दोन प्रकारचे असू शकते. या विषासाठी म्हणून तपासलेले फिल्टर परदेशात मिळतात व त्यांवर तसा दाखला असतो. आपल्याकडे विकत घेताना विक्रेत्यास हा एकच प्रश्न विचारावा: या विषावर याची परीक्षा झाली आहे काय? 'शंभर टक्के शुद्ध' ही पाटी म्हणजे दाखला नव्हे.

कार्बनचे आणखी एक दुखणे आहे. भिंती भरल्या की तो नवे विष धरत नाही, आणि भरल्याचे बाहेरून कळत नाही. त्याची किंमत ब्राझीलमधील कारुआरू शहराने मोजली. १९९६ च्या फेब्रुवारीत तेथील एका दवाखान्यात डायालिसिस घेणारे शंभरावर रुग्ण एकाएकी आजारी पडले. दृष्टी अंधुक झाली, मळमळ, उलट्या, पुढे यकृत निकामी. पन्नासांहून अधिक दगावले. दवाखान्यास पाणी येत होते टँकरने, आणि त्यावर नीट प्रक्रिया झालेली नव्हती. दवाखान्याच्या स्वतःच्या यंत्रात वाळू होती, कार्बन होता, आणखीही टप्पे होते. पुढे तपासणीत त्या कार्बनमध्येच मायक्रोसिस्टिन सापडले. पहारेकरी दारात होता, पण त्याचे हात केव्हाच भरले होते. पिण्यात आलेले विष निदान आतड्यांतून जाते. डायालिसिसमध्ये ते सरळ रक्तात उतरते. म्हणून घरी डायालिसिस चालू असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाने साध्या फिल्टराच्या भरवशावर एक दिवसही राहू नये, डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी वापरू नये.

यू. व्ही. दिव्याचे यंत्र जंतू मारते. त्याच्या घरगुती दिव्याची शक्ती हे विष मोडण्यास पुरत नाही. यू. एफ. नावाची नळ्यांची गाळणी ही कँडलचीच सुधारलेली बहीण: पेशी अडविते, विष सोडते. राहता राहिला आर. ओ. याच्या पडद्यातून दाबाने पाणी पलीकडे जाते आणि मिठासारखी लहान द्रव्येही मागे राहतात. मायक्रोसिस्टिन तर मिठाहून कितीतरी मोठे, ते बहुतांशी अडते आणि सोडून दिलेल्या पाण्याबरोबर मोरीत जाते. घरगुती साधनांत या विषाविरुद्ध सर्वांत भरवशाचे साधन हेच. तरी येथेही एक फट आहे आणि ती कोल्हापुरास विशेष लागू आहे.

सह्याद्रीच्या पावसाने भरणाऱ्या नद्यांचे पाणी मुळात मृदू, क्षार थोडे. ते आर. ओ. मधून काढले की अगदीच बेचव होते. म्हणून पुष्कळ यंत्रांत टी. डी. एस. कंट्रोलर नावाची एक लहान चावी बसविलेली असते. ती उघडली की काही पाणी पडद्यातून न जाता बाजूच्या वाटेने, केवळ यू. एफ. किंवा यू. व्ही. मधून येऊन शुद्ध पाण्यात मिसळते. चव सुधारते, टी. डी. एस. मोजणाऱ्या लेखणीवर आकडा मनासारखा दिसतो, मेकॅनिक निघून जातो. पण या बाजूच्या वाटेने विरघळलेले विषही बिनबोभाट आत येते! पाण्याचा चौथा हिस्सा त्या वाटेने आला, तर विषाचाही साधारण चौथा हिस्सा आलाच. शिवाय ती लेखणी मोजते क्षार. एका लिटरातील काही मायक्रोग्रॅम विष तिच्या गावीही नसते. घरात आर. ओ. आहे एवढ्यावर निर्धास्त असणाऱ्या कुटुंबाने ही चावी आपल्या यंत्रात आहे काय, आणि असल्यास ती पूर्ण बंद करता येते काय, हे मेकॅनिक पुढच्या खेपेस आला म्हणजे त्याच्याकडून समजून घ्यावे. नळाचे नेहमीचे चांगले पाणी असता ही चावी उघडी राहिल्याने काही बिघडत नाही. किंबहुना अशा मृदू पाण्याला आर. ओ. ची गरजच थोडी. हिरवट पाण्याच्या दिवसांत मात्र ती बंद हवी.

हे पाणी हिरवट आहे ते याच शेवाळाने की दुसऱ्या कशाने, हे घरी ओळखण्याची एक साधी रीत आहे. काचेची बरणी तीन-चतुर्थांश भरून झाकण लावून रात्रभर न हलविता ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर नीलहरित शेवाळाचा दाट संशय धरावा. तळाशी बसला असेल तर बहुधा दुसरी जात. काठीने ढवळून पाहावे: काठीला केसांसारख्या लांब दोऱ्या लागल्या तर ते साधे शेवाळ, आणि रंगाच्या डब्यात बुडविल्यासारखी काठी माखली तर सावध राहावे. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावर गुरे-मेंढरे मेल्याची हकीकत 'नेचर' या पत्रात दिली, तीतही तवंगास तैलरंगाचीच उपमा आहे. या रीतीने शेवाळाची ओळख पटते, विषाची नाही. विष आहे की नाही, व किती, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. आणि ज्या पाण्यावर गाव पोसले जाते त्याची ती तपासणी बहराच्या दिवसांत करविणे हे ग्रामपंचायतीचे व नगरपालिकेचे काम आहे, एकट्यादुकट्या गृहिणीचे नव्हे. २०२३ साली काळम्मावाडी धरणातून कोल्हापुरास थेट नळाने पाणी आले, त्यामागे पंचगंगेच्या प्रदूषणातून सुटका हाच मोठा हेतू होता. फिल्टर विकत घेण्यापेक्षा पाणी बदलणे हा उपाय खर्चाचा खरा, पण श्रीमंताच्या ओट्याइतकाच गरिबाच्या हंड्यालाही तो पोहोचतो.

तरीही एखाद्या घरावर प्रसंग आलाच, तर पहिला विचार दुसरे पाणी मिळण्याचा करावा: खोल कूपनलिकेचे, शहरातून भरून आलेल्या टँकरचे, बंद बाटलीचे. तान्ह्या मुलाचे दूध कालविण्यास तर असलेच पाणी हवे. अमेरिकेने २०१५ साली अल्पकाळासाठी जी मर्यादा सुचविली ती मोठ्यांसाठी लिटरास १.६ मायक्रोग्रॅम आणि लहान मुलांसाठी ०.३ आहे, यावरून त्यांची नाजुकता ध्यानात येईल. तेच हिरवट पाणी घेणे भाग पडले, तर तवंगाच्या घाटावर न भरता वाऱ्याच्या उलट बाजूस, पृष्ठभागाच्या हातभर खालून भरावे. आधी घडीच्या कापडातून गाळावे, तुरटीने निवळावे, मग चावी बंद केलेल्या आर. ओ. मधून किंवा परीक्षा झालेल्या कार्बनमधून सावकाश काढावे. उकळायचे असेल तर सर्वांत शेवटी, पेशी व विष दोन्ही निघून गेल्यावर, केवळ जंतूंसाठी. हा क्रम उलटा केला तर सारी मेहनत विरुद्ध दिशेने जाते. कार्बनचे नळकांडे बसविल्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवावी, आणि हिरवट पाणी त्यातून गेले असेल तर सांगितलेली मुदत संपण्याची वाट न पाहता ते बदलावे.

अंगाला व कपड्यांना तवंगाचे पाणी लावू नये. त्याने खाज सुटते, डोळे चुरचुरतात. गुरांकडे तर अधिक लक्ष हवे, कारण मनुष्य तवंग बाजूस सारून पाणी घेतो, म्हैस तशी घेत नाही. आणि कुत्रे पोहून बाहेर आले की अंगावरचे केस चाटते, त्याबरोबर वाळलेला तवंगही पोटात जातो. २०२० साली बोट्स्वाना देशात तीनशेंहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तेथील सरकारने पाणवठ्यांतील याच जातकुळीच्या विषावर ठपका ठेवला. हत्तीची जी गत, ती गोठ्यातल्या जनावराचीही होऊ शकते; म्हणून तळे हिरवे दिसेल तितके दिवस जनावरांना तेथे न सोडता घरी बादलीने पाणी पाजावे आणि दोणीच्या कडेला धरलेली हिरवी साय रोज खरवडून काढावी.